अकरा चिंध्या

१

जीवराम नानांची काठी विहिरीच्या काठावर आडवी पडली होती. पिशवी घाणेरीच्या झुडपाला अडकली होती. नाना आत होते.

१९८८ सालच्या जानेवारीतली ती रविवारची सकाळ. सोनगीरच्या अलीकडच्या माळावर गुडघ्याएवढं कुसळी गवत वाळून पांढरं पडलं होतं, आणि वारा सुटला की सगळा माळ कुणीतरी दबक्या पावलांनी चालल्यासारखा वाजायचा. नाना शनिवारी पहाटेच्या एस.टी.नं अमळनेरहून निघाले होते, ते संध्याकाळी परतले नव्हते. म्हणून त्यांच्या पत्नीनं, प्रमिलाबाईंनी, मला आणि छगनभाऊंना पाठवलं. माळावरच्या लोटन मेंढपाळाला आम्ही सोबत घेतलं. विहीर आधी त्याला दिसली. तो ओरडला नाही, नुसता खाली बसला. त्यावरूनच मला कळलं.

विहीर कोरडी, पडीक होती. काठ खचलेला आणि वर झुडपांचं छप्पर, त्यामुळे दहा पावलांवरूनही दिसायची नाही. मी वाकून पाहिलं नाही, मला ते जमलं नाही. मी मान वळवली, आणि समोरच्या बोरीवर लाल चिंधी फडफडताना पाहिली.

लाल चिंधी म्हणजे आमची वाटेची खूण. ती सगळी वाट मी माझ्या हातानं बांधली होती.

पोलीस आले, पंचनामा झाला. छगनभाऊ खालच्या आवाजात फौजदारांना म्हणाले, "डोळ्यांत मोतीबिंदू होता साहेब. खुणेच्या मागं मागं गेले असतील." फौजदारांनी मान हलवली. चिंध्या कुणी बांधल्या असं त्यांनी विचारलं. मी पुढे झाले.

घरी प्रमिलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे कोरडे. मी जवळ गेले तशा त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्याच चिंध्यांनी नेलं ना त्यांना?"

२

आमचं मंडळ तिघांचंच. जीवराम नाना भूमापन खात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार. छगनभाऊ तेलगिरणीत कारकून. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. दर रविवारी एस.टी.नं कुठल्या तरी फाट्यावर उतरायचं आणि डांबरी सडकेला पाय न लावता पलीकडच्या गावी पोचायचं, एवढाच आमचा नाद. मेंढरांच्या वाटा, मोडलेल्या गाडरस्त्यांची चाकोरी, ओढ्यांचे उतार, असं एकेक जोडत आम्ही नव्या वाटा शोधायचो. पारोळ्याच्या किल्ल्याची वाट अशीच सापडली. नाना तिचा नकाशा काढत, मी खुणा बांधत असे. लाल चिंधी म्हणजे चला. पांढरी म्हणजे थांबा, पुढे धोका आहे. लाल माझ्या जुन्या लुगड्याची, पांढरी नानांच्या जुन्या धोतराची. नाना म्हणत, "पुष्पाबाई, तुमचं लुगडं आणि माझं धोतर, लोक काय म्हणतील!" आणि स्वतःच खो खो हसत.

सोनगीरच्या किल्ल्याची वाट आम्ही डिसेंबरात बांधली. त्या दिवशी मला ऊन लागलं होतं, डोकं ठणकत होतं. आता रात्रंदिवस तेच आठवायचं. हिवराच्या झाडापाशी मी डावीकडे वळले होते की उजवीकडे? छगनभाऊ नेहमीप्रमाणे म्हणत होते, "उजवीकडून जाऊ ना, तिकडे सावली आहे." नाना नको म्हणाले होते. पण माझ्या हातांनी काय केलं? मी शाळेत फळ्यावर नदी काढायला गेले आणि खडू हातातून पडला. मुलींच्या डोळ्यांत मला प्रमिलाबाईंचे डोळे दिसायला लागले.

बुधवारी दुपारी बेबाबाई आली.

बेबाबाई बोहारीण. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं. अमळनेरातल्या निम्म्या घरांची कापडं तिच्या हातून गेलेली. पदर चिमटीत धरून ती सांगायची, "हे सुनेचं, सासूनं चोरून दिलंय." आणि ते खरं निघायचं.

"पुष्पाअक्का, ते लाल लुगडं तुम्ही देणार होतात मला. एक पातेलं बाजूला ठेवलंय तुमच्यासाठी."

"त्याच्या चिंध्या झाल्या बेबाबाई," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पाटीतली भांडी नीट लावत म्हणाली, "तुमच्या लुगड्याला मी चार वर्षं ओळखते. मला दाखवा त्या. माणूस विसरतो, कापड विसरत नाही."

३

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच माळावर गेलो. सोबत यायला कुणी तयार नव्हतं. ऊन चढलं होतं. लांबवर लोटनची मेंढरं दिसत होती. बाकी गवताच्या आवाजाशिवाय काही नाही.

हिवराला चिंध्यांचा झुबका लटकत होता. लाल, हिरव्या, जरीच्या काठाच्या, झबल्याची बाही. मी चपापले. बेबाबाई हसली.

"ह्या बायकांच्या. तुम्ही झाडाला चिंधी बांधली, गावच्या बायकांना वाटलं चिंध्यामाय बसली. लेकराचा ताप, गुडघ्याचं दुखणं, सगळं बांधून गेल्या. आता हा हिवर देव झाला, अक्का. कुऱ्हाड लागायची नाही त्याला."

मग तिनं झुबक्यातली एक चिंधी दोन बोटांत धरली. "ही तुमची. धुऊन धुऊन मऊ झालेली, हातानं फाडलेली, रंग विटका." तिनं डावीकडे पाहिलं. पन्नास पावलांवर बाभळीला तशीच विटकी चिंधी होती, तिच्या पुढे आणखी एक, थेट किल्ल्याच्या दिशेनं. मी डावीकडेच वळले होते! मी तिथंच गवतात बसले.

"बसू नका. उजवीकडे बघा."

उजवीकडे दुसरी रांग होती. लाल भडक. बेबाबाई प्रत्येक झाडापाशी थांबत, मोजत चालली. मी तिच्या पदराला धरून मागे. अकरा चिंध्या. प्रत्येकीची खळ अजून गेली नव्हती, कापड पुठ्ठ्यासारखं ताठ. दवानं रंग सुटून बोरीच्या सालीवर लाल ओघळ आले होते. मी ते पाहिले आणि पटकन नजर काढली.

"नवं कोरं कापड," बेबाबाई म्हणाली. "पाण्यात एकदाही गेलेलं नाही. कुणीतरी दुकानातून आणलेलं कापड फाडून बांधलंय. आणि तुमच्या सगळ्या चिंध्या जागच्या जागी. त्या काढल्या असत्या तर काम सोपं होतं, पण काढल्या नाहीत. का?"

मला माहीत होतं. आमच्याकडे झाडाला बांधलेली चिंधी कुणी सोडत नाही. ज्याचं दुखणं तिच्यात बांधलंय, ते सोडणाऱ्याला लागतं म्हणतात.

"म्हणजे इथलाच आहे," ती म्हणाली. "आणि भित्रा आहे."

दहाव्या चिंधीच्या कोपऱ्यावर निळी शाई होती. कापडगिरणीच्या छापाचा अर्धा तुकडा. पोपटाची शेपटी आणि एक पाय, बाकी पोपट फाटून गेलेला.

अकरावी चिंधी विहिरीजवळच्या बोरीवर. तिथं बेबाबाई अचानक गुडघ्यांवर बसली आणि तिनं काटे बाजूला सारले. बोरीच्या खालच्या फांदीला, वाटेच्या बाजूनं, एक पांढरी पट्टी बांधलेली होती.

"हे धोतर नानांचं. याचा दुसरा अर्धा भाग प्रमिलाबाईंनी मला दिवाळीत दिला. काठाची ही रफू माझ्या डोळ्यांसमोरची आहे."

मी पाहत राहिले. पांढरी म्हणजे थांबा. नाना इथपर्यंत आले होते, त्यांनी विहीर पाहिली होती. मागून येणाऱ्यासाठी त्यांनी पिशवीतून धोतराची पट्टी काढून खूण बांधली होती. मोतीबिंदू असू दे, चकवा असू दे, त्यांना सगळं कळलं होतं.

वारा पडला. माळ एकदम गप्प झाला.

"अक्का," बेबाबाई हळूच म्हणाली, "ज्यानं थांबायची खूण बांधली, तो स्वतः कसा पडला?"

४

त्या क्षणापासून माझी भीती बदलली. आधी मी माझ्या हातांना भीत होते. आता माणसांना.

नानांच्या पिशवीत पाण्याची बाटली होती, भाकरी होती, पेन्सिल होती. पंचनाम्याच्या वेळी मी पाहिलं होतं. नकाशा नव्हता. नकाशाशिवाय नाना घरच्या ओसरीवरही बसत नसत.

आम्ही आधी अभिमन पाटलांच्या खळ्यावर गेलो. आमची वाट त्यांच्या बांधावरून जायची, आणि पाय मोडून टाकीन असं त्यांनी नानांना चारचौघांत सांगितलं होतं. माझी बोलायची हिंमत होईना. बेबाबाईनं पाटी उतरवून सरळ विचारलं.

"हां, मी काटा टाका वाटवर," अभिमन छाती पुढे काढून म्हणाले. "भर उजेडमा टाका. मन्हा बांध शे. पन म्हातारासंगे मन्हं भांडन तोंडनं व्हतं."

त्यांच्या मागे दाराआडून बायका बघत होत्या. आई, बायको, भावजया, सुना. एकीनं बेबाबाईपुढे फाटक्या कापडांचं हे एवढं बोचकं टाकलं आणि मोठं घमेलं मागितलं. दोघींची बराच वेळ घासाघीस चालली.

परत निघताना बेबाबाई म्हणाली, "हा नाही. सात बायकांच्या घरात यानं नवं कापड फाडलं असतं तर त्या दिवशी चूल पेटली नसती. आणि याला चिंधी हवी असती तर बोचकं दारातच आहे."

लोटन हिवराखाली भाकरी खात होता. अंगावर भोकाची घोंगडी, डोक्याला मळका पंचा. आम्हाला पाहून त्यानं भाकरी खाली ठेवली.

"पोलीस माले लई जातीन का, आक्का?"

"तू काही केलंस का?"

"मी त्यासले पानी देयेल शे. नाना मन्हा बापसारखा व्हतात."

बेबाबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि मला म्हणाली, "हाही नाही. याच्या हाती हातभर नवं लाल कापड आलं असतं, तर यानं ते डोक्याला गुंडाळून सोनगीरचा बाजार केला असता." लोटन एवढ्या भीतीतही लाजून हसला.

मग मी त्याला विचारलं, नाना शनिवारी काय बघायला आले असतील. त्यानं किल्ल्याच्या बाजूला बोट दाखवलं. आमची खरी वाट जिथून जायची, तिथं तारेचं नवं कुंपण होतं आणि कुंपणाच्या कोपऱ्यात चुना लावलेला हद्दीचा दगड.

"त्या दगडले पाय फुटनात, आक्का. मांगला साले निंबजोडे व्हता. आते नालाजोडे शे. मधलं बठ्ठं गायरान आत गयं. मन्ही मेंढरं आते कोठे जातीन?"

"दगड निंबापासून नाल्यापर्यंत सरकला, हे नानांना सांगितलंस?"

"शुक्करवारे सांगं. मी अमळनेरना बजारले जायेल व्हतू."

"कुणाचं आहे ते कुंपण?"

लोटननं नाव सांगितलं. मला ऐकू आलं, पण मी पुन्हा विचारलं. त्यानं तेच सांगितलं.

सहा महिने दर रविवारी तो माणूस माझ्या बाकावर बसून एस.टी.नं येत होता. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खात होता. आणि दर वेळी हिवरापाशी म्हणत होता, उजवीकडून जाऊ, तिकडे सावली आहे. तिकडे एकही मोठं झाड नव्हतं, हे मी भूगोलाची बाई असून कधी पाहिलं नव्हतं.

५

"जायचं नाही," मी म्हणाले. "पोलिसांना सांगू."

"काय सांगाल? बोहारणीला कापड कळतं म्हणून?" बेबाबाई म्हणाली. "पोपटाचं तोंड सापडलं पाहिजे."

शुक्रवारी दुपारी चारला छगनभाऊ गिरणीतून घरी आले होते. एकटाच माणूस, बायको लताबाई तीन वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेली. घर झाडलेलं, भांडी पालथी, खुंटीला एकच सदरा. आम्हाला पाहून ते दचकले नाहीत. या अक्का, म्हणाले. पाणी दिलं. 

बेबाबाईनं पाटी नेमकी उंबऱ्यावर ठेवली होती.

"छगनभाऊ, तीन वर्षं मागतेय. लताबाईची लुगडी द्या आता. मोठा डबा देते, झाकणासकट."

"ती द्यायची नाहीत, सांगितलंय ना."

"नका देऊ. एकदा डोळ्यांनी पाहू तरी द्या. कसर लागली तर काही उरायचं नाही. पावसाळा खाऊन गेला असेल."

हा घाव बरोबर बसला. त्यांचा चेहरा उतरला. "लिंबाचा पाला घालून ठेवलीत," ते म्हणाले, "दिवाळीनंतर नव्या कापडात बांधलीत." आणि लहान मुलानं आपला खेळ दाखवावा तशी त्यांनी ट्रंक उघडली, आतलं बोचकं दोन्ही हातांनी उचलून चटईवर ठेवलं.

बोचक्याचं कापड लाल भडक होतं. खळीचं, ताठ. एक कड वेडीवाकडी फाडलेली. तिथंच निळ्या शाईत पोपटाचं डोकं, चोच आणि अर्धा पंख.

बेबाबाईनं त्या छापावर बोट ठेवलं.

"याची शेपटी माळावर आहे, भाऊ. बोरीच्या झाडावर."

छगनभाऊ उठले आणि दाराकडे गेले. त्यांनी दार लोटलं. दार पाटीला अडकून थांबलं, भांडी खणखणली, समोरच्या ओट्यावरच्या बायकांनी माना वर केल्या. ते फटीतून येणाऱ्या उन्हाकडे बघत तसेच उभे राहिले. मग हळूहळू परत आले आणि बोचक्याशेजारी बसले.

"चिंध्या मिळाल्या नाहीत का तुम्हाला?" बेबाबाईनं मऊ आवाजात विचारलं. "घरात एवढी लुगडी."

"तिची फाडू?" ते म्हणाले.

मग आपोआप सांगत गेले. जमीन घेतली, थोडी कमी वाटली, दगड सरकवला. ती ओसाड जागा, कोण बघणार? आणि त्याच वाटेनं नानांचं मंडळ निघालं. छगनभाऊ मंडळात आले ते वाट दुसरीकडे वळवायलाच. नाना ऐकेनात, तेव्हा त्यांनी दुसरी रांग बांधली. "तुम्ही चुकावं, विहीर बघून घाबरावं, वाट सोडून द्यावी, एवढंच होतं माझ्या मनात. पांढरी बांधून नाना उभे होते. मी कुंपणाकडून आलो. ते रागावले नाहीत हो. नुसते म्हणाले, छगन, नकाशात मी दगड जुन्या जागीच दाखवलाय, तू तो गुमान परत ने. मी नकाशा ओढला. त्यांनी सोडला नाही. मग... त्यांनी सोडला."

"आवाज आला होता त्यांचा? नंतर?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

छगनभाऊ दोन्ही तळहात त्या लाल कापडावर पालथे ठेवून बसले. ते उत्तर मी आजवर ऐकते आहे.

फौजदारांबरोबर जाताना त्यांनी बेबाबाईला एकच गोष्ट सांगितली. पाला महिन्यानं बदला.

६

पोलिसांनी पोपटाच्या शेपटीची चिंधी पंचांसमोर नेली. बाकीच्या दहा माळावरच राहिल्या. विहिरीकडे बोलावत फडफडत राहिल्या.

त्या काढायला हव्या होत्या. मी लोटनला सांगितलं. त्यानं दोन्ही कान धरले. "मन्हाकडथून व्हवाव नही, आक्का." अभिमन पाटलांनी विहिरीवर काट्यांचं कुंपण घालून दिलं, पण चिंधीला हात लावला नाही. मी शिकलेली बाई, वर्गात अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेणारी. मी त्या पहिल्या बोरीखाली जाऊन उभी राहिले आणि माझा हात वर जाईना. त्या भेकड हातानं बांधलेल्या गाठीत काय काय असेल असं वाटायचं. दोनदा गेले, दोनदा परत आले.

तिसऱ्यांदा निघाले, तर एस.टी.त माझ्या शेजारी प्रमिलाबाई येऊन बसल्या. तेराव्यानंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या होत्या. 

बोरीपाशी त्या थांबल्या. म्हणाल्या, "सोडणाऱ्याला दुखणं लागतं म्हणतात ना?"

"म्हणतात."

"मग माझं आता काय दुखायचं राहिलंय?" आणि त्यांनी हात वर करून पहिली गाठ सोडली. गाठ सुटेना तेव्हा दातांनी सोडली. चिंधी माझ्या हातात दिली.

दुसरी मी सोडली. अशा दहा. शेवटच्या बोरीखाली प्रमिलाबाई वाकल्या, पांढऱ्या पट्टीची रफू त्यांनी अंगठ्यानं चाचपली, आणि ती मात्र तशीच राहू दिली.

मग त्यांनी पिशवीतून एक लुगडं काढलं. गडद लाल, मऊ, बऱ्याच वेळा धुतलेलं.

"हे मी आता नेसणार नाही. बेबाबाईला द्यायचं नाही. फाडा," त्या म्हणाल्या. "किल्ल्यापर्यंतची वाट उन्हानं विटलीय. त्यांच्यासारखे डोळे असणाऱ्याला दिसायची नाही."

आम्ही दोघींनी ते एकेका टोकाला धरून फाडलं. उघड्या माळावर त्या फाटण्याचा आवाज फार मोठा आला, लांबवर मेंढरांनी माना वळवल्या. मग हिवरापासून डावीकडे, झाडागणिक एक, अशा आम्ही बांधत गेलो. त्या बांधत होत्या, मी फांदी धरत होते. दगड निंबाजवळ परत आला होता. ऊन कलायच्या आत आम्ही किल्ल्याच्या दारात पोचलो, आणि तिथं बसून नानांच्या वाटणीची भाकरी तिसऱ्या फडक्यावर काढून ठेवली.